छावणीत जन्मलेला बॅरिस्टर

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि तिथल्या लष्करी शाळेत मुलांना शिकवत. आजोबा मालोजी पलटणीतले. आईचे माहेर मुरबाडचे, तिथेही सुभेदार आणि सुभेदार-मेजर. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत आंबेडकरांच्या महार जातीची भरती मोठ्या प्रमाणावर होत असे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगावला झालेल्या लढाईचा स्तंभ आजही उभा आहे आणि त्यावर कोरलेल्या नावांत बावीस महार शिपायांची नावे आहेत. पलटणीत शिरलेल्या माणसाला पगार मिळे, पुढे पेन्शन मिळे आणि त्याच्या पोरांना लिहिता-वाचता येई. गावच्या शाळेत ज्याला दारातही बसू देत नसत, त्याच्या घरात एका पिढीत वाचन आले ते छावणीमुळे. रामजींच्या घरी पहाटे भजन होई आणि संध्याकाळी इंग्रजीचा अभ्यास.

भीमरावांना कळू लागेपर्यंत मात्र हे दार बंद झाले होते. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत लष्करी अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातल्या जातींची लढाऊ आणि बिगरलढाऊ अशी विभागणी पक्की केली आणि महारांची भरती थांबवली. दापोलीला राहणारे पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केला. रामजी सुभेदारही या खटपटीत होते आणि न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे मसुद्यासाठी गेले होते, असे चरित्रकार धनंजय कीर नोंदवतात. १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे विनंती पाठवली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर ती मोडून टाकण्यात आली. गरज पडली की बोलवायचे, गरज सरली की घरी पाठवायचे, असा तो हिशेब होता.

आंबेडकरांच्या स्वतःच्या अंगावर गणवेश चढला तो एका संस्थानात आणि तोही जेमतेम काही दिवस. १९१२ अखेर ते बी. ए. झाले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली होती, त्यामुळे नोकरीही तिथेच करायची होती. जानेवारी १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या फौजेत लेफ्टनंट म्हणून त्यांची नेमणूक झाली. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच वडिलांच्या आजाराची तार आली. २ फेब्रुवारीला रामजी सुभेदार मुंबईत वारले. त्याच वर्षी सयाजीरावांनी त्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवले.

न्यूयॉर्कच्या ज्या कोलंबिया विद्यापीठात ते शिकले, त्याच्या शेजारीच हार्लेम ही काळ्या लोकांची वस्ती वाढत होती. गणवेश आणि नागरिकत्व यांचे नाते अमेरिकेच्या इतिहासात फार उघड दिसते. तिथे सुरुवातीच्या काळात गावोगाव मिलिशिया, म्हणजे नागरिकांचीच बिनपगारी फौज असे. गावातला वकील मिलिशियात अधिकारी व्हायचा आणि त्या ओळखीवर विधिमंडळात जायचा, ही तिथली मळलेली वाट होती. अँड्र्यू जॅक्सन या वाटेने राष्ट्राध्यक्ष झाले. अब्राहम लिंकन यांना १८३२ मध्ये इलिनॉयमधल्या स्वयंसेवकांनी मते देऊन आपला कॅप्टन निवडले. १८३४ मध्ये ते राज्याच्या विधिमंडळात गेले आणि १८३६ मध्ये त्यांना वकिलीचा परवाना मिळाला. मात्र १७९२ च्या मिलिशिया कायद्यात नाव नोंदवायचे ते फक्त धडधाकट, स्वतंत्र, गोऱ्या पुरुष नागरिकांचे, असे स्पष्ट लिहिले होते. काळ्या माणसाला फौजेत घ्यायला कायद्याने परवानगी मिळाली ती १८६२ मध्ये, यादवी युद्ध पेटल्यावर. वकिली, गणवेश आणि कायदेमंडळ या तीन पायऱ्या लिंकनना चार-पाच वर्षांत चढता आल्या. आंबेडकरांच्या वाट्याला त्याच तीन पायऱ्या आल्या, पण प्रत्येक पायरीवर दार लावलेले होते आणि ते एकट्यापुरते उघडून भागणार नव्हते.

कोलंबियाची एम. ए. पदवी घेऊन ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून ऑगस्ट १९१७ मध्ये ते परतले. करारानुसार बडोद्याला रुजू झाले. महाराजांनी त्यांना लष्करी सचिव नेमले होते, पुढे अर्थखाते द्यायचा विचार होता. ज्याच्या जातीला साधा शिपाई म्हणून घेत नव्हते, तो एका संस्थानाचा लष्करी सचिव झाला. राहायला मात्र खोली मिळेना.

हा प्रसंग त्यांनी पुढे आठवणींत सविस्तर लिहिला. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नव्हती, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी सराईत उतरले. दिवसाला दीड रुपया भाडे. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, बाकी सारा मजला अडगळीने भरलेला. विजेचे दिवे नाहीत, एक कंदील, वर वटवाघळे. दिवसभर कचेरीत काम करायचे, रात्री त्या ओसाड जागेत पुस्तक वाचत बसायचे. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघाले होते, तेवढ्यात डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणून बजावून गेले. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास लष्करी सचिवाने कामाठी बागेत बसून काढले. त्या बागेत आज त्यांची आठवण म्हणून लोक जातात.

मुंबईत सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू झाले, त्याला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्याच वर्षी २१ आणि २२ मार्चला कागल जहागिरीतल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी आंबेडकर होते आणि शाहू महाराज स्वतः आले होते. तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला, अशा आशयाचे बोल महाराजांनी तिथे काढले. शाहू महाराजांनी त्याच सुमारास आपल्या संस्थानात अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा देऊन टाकल्या होत्या. कोर्टाची पायरी आधी चढू द्या, बाकीचे मागून येईल, हा त्यामागचा रोख होता. निपाणी-कागलच्या मुलखात या दोन्ही गोष्टींची आठवण घराघरांत आहे.

साठवलेले पैसे आणि थोडे कर्ज घेऊन आंबेडकर १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये डी. एस्सी. पूर्ण केली. त्या वर्षी मुंबई हायकोर्टात सनद घेण्यापुरते पैसेही हाती नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. परळच्या दामोदर हॉलमध्ये कचेरी थाटली. हायकोर्टात काम मिळायचे ते सॉलिसिटरांच्या ओळखीवर, आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे फिरकत नसत. त्यामुळे जिल्हा कोर्टांतली लहानसहान कामे, गोरगरिबांचे खटले आणि कॉलेजातली अर्धवेळ शिकवणी यावर संसार चालला. दामोदर हॉलच्या जिन्यावर खेड्यांतून आलेली माणसे बसलेली असत. कुणाची जमीन गेलेली, कुणाला पाटलाने मारलेले.

नाव झाले ते १९२६ मध्ये. दिनकरराव जवळकर यांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक टिळक आणि चिपळूणकर यांची बदनामी करते, म्हणून लेखकासह केशवराव जेधे आदी ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना पुण्यात शिक्षा झाली होती. अपिलात त्यांची बाजू आंबेडकरांनी मांडली. फिर्याद करणारा हा मृत व्यक्तींचा जवळचा नातेवाईक नाही, मग बदनामीची फिर्याद करण्याचा हक्क त्याला आला कुठून, असा त्यांचा मुद्दा होता. भावनेने भरलेल्या खटल्यात त्यांनी एक कोरडे कलम उचलले आणि आरोपी सुटले. हीच त्यांची कोर्टातली रीत होती. सगळे जिंकले असे नाही. ‘समाजस्वास्थ्य’चे र. धों. कर्वे यांची बाजूही त्यांनी घेतली होती, तो खटला हरले.

वकिली चालू असतानाच सभा-परिषदा चालू होत्या. एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन निपाणीला झाले आणि त्याचे अध्यक्ष आंबेडकर होते. निपाणी ज्यात येते तो बेळगाव जिल्हा त्या काळी मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात होता, इथली अपिले मुंबई हायकोर्टात जात आणि इथले प्रतिनिधी मुंबईच्या कौन्सिलात बसत. त्यामुळे निपाणी हे आंबेडकरांच्या कामाचे एक घरचेच ठिकाण होते, परप्रांत नव्हे.

१ जानेवारी १९२७ रोजी ते कोरेगावच्या स्तंभाला गेले. पुढच्याच महिन्यात, १८ फेब्रुवारीला, त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद म्हणून शपथ घेतली. सरकारने अस्पृश्य वर्गातर्फे दोघांना नेमले होते, दुसरे डॉ. पी. जी. सोळंकी. महिनाभरातच महाडचा सत्याग्रह झाला. १९२३ मध्ये कौन्सिलात सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडून मंजूर करवला होता. महाडच्या नगरपालिकेने तो मान्य केला, पण चवदार तळ्यावर पाऊल टाकायची कुणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर महाडला भरलेल्या परिषदेतल्या लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर गावात परिषदेहून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, मंडपातले अन्न धुळीत मिळाले. जमलेल्या लोकांत पलटणीतले पेन्शनर बरेच होते, पहिल्या महायुद्धात लढून आलेले. त्यांनी उलट हात उचलला असता तर महाडमध्ये काय झाले असते याचा अंदाज करता येतो. आंबेडकरांनी त्यांना आवरले आणि ते आवरले गेले. इकडे गावकऱ्यांनी शेण, गोमूत्र, दही, दूध घालून एकशे आठ घागरी पाण्याने तळे शुद्ध करून घेतले.

या अनुभवातूनच समता सैनिक दल उभे राहिले. गणवेश, कवायत, शिस्त, आणि हातात शस्त्र नाही. सभेचा बंदोबस्त ठेवणे, मोर्चाची रांग मोडू न देणे, वस्तीवर हल्ला झाला तर आडवे उभे राहणे, ही त्याची कामे. दलाचा कणा म्हणजे जुने पलटणवाले. अमेरिकन मिलिशियाशी तुलना करायची तर हे दल तिच्या उलट्या बाजूने उभे होते. तिथे राज्य नागरिकाला गणवेश देत होते, इथे ज्यांना राज्याने गणवेश नाकारला त्यांनीच तो शिवून घेतला.

आंबेडकरांच्या विधिमंडळातल्या कामांपैकी बेळगाव भागातल्या खेड्यांशी सर्वांत जवळचे काम म्हणजे महार वतनाचे विधेयक. वतन हा शब्द ऐकायला मोठा, पण महाराचे वतन म्हणजे गावची चोवीस तासांची चाकरी. राजहंसगडाच्या पायथ्याच्या येळ्ळूरपासून थेट खानदेशापर्यंत गावगाड्याची ठेवण थोड्याफार फरकाने तीच होती. पाटील-कुळकर्ण्यांचा निरोप पोचवायचा, सारा भरायला माणूस बोलावून आणायचा, वसुलाबरोबर तालुक्याला चालत जायचे, मुक्कामाला आलेल्या अधिकाऱ्याचे बाडबिस्तार डोक्यावर वाहायचे, मेलेले जनावर ओढायचे, रात्री वेशीवर जागायचे. गावाच्या शिवेचा तंटा उपस्थित झाला तर शीव कुठून कुठे जाते हे महाराला विचारायची पद्धत होती आणि त्याचा शब्द ग्राह्य धरत. ज्याला गावात घर नव्हते, वेशीबाहेर होते, त्यालाच गावाची हद्द नेमकी ठाऊक होती. आज सीमाभागात राहणाऱ्या माणसाने या तपशिलापाशी क्षणभर थांबायला हरकत नाही.

या चाकरीच्या बदल्यात हाडकी-हाडवळा म्हणून ओळखली जाणारी इनामाची तुटपुंजी जमीन, पिढ्यापिढ्या वाटण्या होऊन तिचे झालेले चतकोर, गावाने घातले तर बलुते आणि भाकरीचा तुकडा, आणि काही ठिकाणी सरकारकडून नाममात्र रोख. कामाची यादी कुठेच लिहिलेली नव्हती, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. वतनदार स्वतः हजर नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. बलुते देणे गावकऱ्यांच्या हाती, म्हणून पोराला शाळेत घातले किंवा मेलेले ढोर ओढायला नकार दिला की बलुते बंद. आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी कौन्सिलात विधेयक मांडले ते १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे होते. कामे ठरवून द्या, बलुत्याऐवजी रोख आकारणी करा, आणि ज्याला वतन नको असेल त्याला योग्य सारा भरून जमीन स्वतःच्या नावावर ठेवू द्या आणि चाकरीतून मोकळे करा, असा त्याचा गाभा होता.

विधेयक ऑगस्टमध्ये पुन्हा चर्चेला आले. फुकटचा गडी हातचा जाणार, म्हणून गावकारभारी नाखूष. चाकर भाड्याने घ्यायचे तर पैसा लागणार, म्हणून महसूल खाते नाखूष. काही महारांनाही जमीन जाईल अशी भीती घातली गेली. ते निवड समितीकडे गेले, तिथे त्याचे इतके तुकडे झाले की १९२९ मध्ये आंबेडकरांनी ते मागे घेतले. कौन्सिलात हरलेली ही गोष्ट ते पुढे आयुष्यभर पुन्हा पुन्हा काढत राहिले.

महाडचा प्रश्न दरम्यान कोर्टात गेला होता. डिसेंबर १९२७ मध्ये तळ्यावर पुन्हा सत्याग्रह ठरला, तोच काही सवर्ण गावकऱ्यांनी दावा लावून मनाई हुकूम मिळवला. हजारो लोक जमले होते, जेलमध्ये जायच्या तयारीने आले होते. आंबेडकरांनी त्यांना थांबवले. आपण कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही, कोर्टातच जिंकायचे. तळ्याकडे न जाता त्या परिषदेत, २५ डिसेंबरला, मनुस्मृतीचे दहन झाले. दाव्यात प्रश्न होता तो असा की तळे अनादी काळापासून फक्त सवर्णांचे, अशी वहिवाट सिद्ध होते काय? खालच्या कोर्टापासून सुरू झालेली ही लढाई १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात संपली. वहिवाट सिद्ध होत नाही, असा निकाल लागला. पाणी पिण्याचा कार्यक्रम काही मिनिटांचा होता, त्याचा कायदेशीर निकाल लागायला दहा वर्षे लागली. वकील आणि पुढारी ही दोन माणसे एकाच देहात असली तर काय होते याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. पुढाऱ्याने गर्दी जमवली आणि वकिलाने तिला घरी पाठवले.

गोलमेज परिषदेत आंबेडकर संरक्षण उपसमितीत होते आणि तिथे त्यांनी सैन्यभरती जातीचा विचार न करता सर्वांना खुली असावी, हा आग्रह धरला. स्वतंत्र मतदारसंघांवरून झालेला वाद आणि १९३२ चा पुणे करार सर्वांना माहीत आहे. १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईच्या भायखळा-परळ भागातून निवडून आले. काँग्रेसतर्फे उभे होते पळवणकर बाळू, धारवाडात जन्मलेले आणि हिंदू जिमखान्याचे नावाजलेले फिरकी गोलंदाज. त्यांचेही वडील लष्करातले. दोन पलटणवाल्यांची पोरे एकमेकांसमोर उभी राहिली होती. बेळगाव उत्तरमधून आंबेडकरांच्या पक्षाचे बळवंत हणमंत वराळे निवडून आले. वराळे धारवाडच्या वसतिगृहाचे काम पाहत आणि कर्नाटकातल्या आंबेडकरी चळवळीचे ते पहिल्या फळीतले कार्यकर्ते होते.

सप्टेंबर १९३७ मध्ये आंबेडकरांनी कोकणातली खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात समता सैनिक दलाचे स्वयंसेवक होते. दोन्हींत कायदा बदलला नाही, पण अस्पृश्यांचा पुढारी ही ओळख मजूर आणि कुळांपर्यंत पसरली.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि सरकारला पुन्हा माणसे हवी झाली. जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आंबेडकरांची नेमणूक झाली. महारांची स्वतंत्र पलटण उभी करा, ही मागणी त्यांनी लावून धरली, आणि तरुणांनी भरती व्हावे म्हणून आवाहन केले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली ती बेळगावात. दुसरी कामठीला.

बेळगावचा कँप हा पलटणींचा जुना गाव. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून इथेच आहे; पहाटेच्या बिगुलाची सवय आसपासच्या खेड्यांना पिढ्यापिढ्या आहे. त्या मैदानावर ऑक्टोबर १९४१ मध्ये ज्यांनी पहिली रांग धरली, त्यांच्या आधीच्या दोन पिढ्यांना, पहिल्या महायुद्धाची वर्षे सोडली तर, अशी रांग धरायची बंदी होती. पलटणीच्या पहिल्या टोपीचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. १८९२ च्या सुमारास काढून टाकलेल्यांनी १८१८ चा स्तंभ टोपीवर लावून परत यावे, यात हक्काचा दावा होता. १९४६ मध्ये रेजिमेंटचे रूपांतर मशीनगन रेजिमेंटमध्ये झाले. १९४७ च्या फाळणीत पंजाबात निर्वासितांच्या तांड्यांना संरक्षण देण्याचे काम तिच्या पलटणींकडे होते. पुढे रेजिमेंट सर्व जातींना खुली झाली, केंद्र मध्य प्रदेशात सागरला गेले. याच रेजिमेंटमधून आलेले के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी हे दोघे लागोपाठ नव्हे, पण एकाच दशकात भारताचे लष्करप्रमुख होते.

जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच महिन्यात नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या स्थापनेबरोबर समता सैनिक दलाची अखिल भारतीय परिषद भरली. १९४६ मध्ये ते बंगालमधून घटना समितीत गेले आणि फाळणीनंतर मुंबईतून. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली, सोळाव्याने सरकारी नोकरीत जातीवरून भेद करायला बंदी घातली. गोपाळबाबांच्या १८९४ च्या अर्जाला मिळालेले हे उत्तर म्हणता येईल, पंचावन्न वर्षे उशिराचे. हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ ची लोकसभा निवडणूक मुंबईत हरले, राज्यसभेत गेले, १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले.

अखेरच्या वर्षांत त्यांनी भाषावार प्रांतांवर लिहिले. १९४८ मध्ये दार आयोगापुढे त्यांनी महाराष्ट्र प्रांताची बाजू मांडली होती. डिसेंबर १९५५ मध्ये आलेल्या पुस्तकात त्यांनी एका राज्यात एकच भाषा असावी हे तत्त्व मान्य केले, पण एका भाषेची अनेक राज्ये असायला हरकत नाही असेही सांगितले. मराठी मुलखाचे त्यांनी चार भाग सुचवले. फार मोठ्या राज्यात बहुसंख्य जात बाकीच्यांना गिळते, ही भीती त्यामागे होती. पुस्तक निघाले त्याच्या पुढच्या वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधी १४ ऑक्टोबरला नागपुरात आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

महार वतन ते जिवंत असेपर्यंत गेले नाही. मुंबई राज्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द करण्याचा कायदा केला तो १९५८ चा, पण तोवर बेळगाव जिल्हा त्या राज्यात राहिला नव्हता. म्हणून कागल-कोल्हापूरच्या गावांतली महारकी त्या कायद्याने गेली, आणि निपाणी-येळ्ळूरच्या बाजूची गावे १९६१ च्या म्हैसूर ग्राम हुद्दे रद्दीकरण कायद्याची वाट पाहत राहिली. तो कायदा लागू झाला १ फेब्रुवारी १९६३ रोजी.